पिवळ्या कांग्यावाली

१

घरातून निघताना यासिंटाचा एक परिपाठ ठरलेला होता. बॉनेट उघडून तेलपाणी बघायचं, चारी चाकांना एकेक लाथ घालून हवा जोखायची आणि मग सीटवर बसून रेडिओ लावायचा. करातू गावच्या पहाटेच्या गारठ्यात तो आधी नुसता खरखरे. मग त्या खरखरीतून एकेक ओळखीचा गळा वर येई. कुणी टायर बसला म्हणून बोटं मोडतोय, कुणी वरच्या फाटकाशी धुकं किती आहे ते विचारतोय, कुणी उगाच कोंबड्यासारखा आरवतोय. न्गोरोंगोरोच्या विझलेल्या ज्वालामुखीच्या विवरात पाहुण्यांना जनावरं दाखवायला गाड्या उतरवणारी ही सगळी मंडळी एकमेकांना चेहऱ्यापेक्षा आवाजानं जास्त ओळखत. समोरच्याचा चहा झालाय की नाही, हेही यासिंटाला आवाजावरून कळे.

त्या दिवशीचे पाहुणे परदेशातले नव्हते, इथल्याच मोशी शहरातले होते, म्हणून ती सकाळपासूनच खुशीत होती. मन्का आणि नामसिफू या दोघी म्हाताऱ्या. मोशीच्या बाजारात उभा जन्म शेजारी शेजारी बसून केळी विकली आणि उभा जन्म एकमेकींची गिऱ्हाइकं पळवली. बरोबर मन्काचा मुलगा गॉडलिसन. तो अरुशाला विजेच्या पंपांच्या दुकानात कामाला होता आणि आईची ही हौस पुरी करायची म्हणून त्याने दोन वर्षं तयारी केली होती.

"आयुष्यभर माझ्या पाटीसमोरून हे गोरे लोक गाड्या भरभरून गेले," गाडीत चढताचढताच मन्कानं सांगून टाकलं. "गळ्यात दुर्बिणी, अंगाला मलमं. असं काय बघायला जातात ते एकदा बघायचंय मला. आणि मला गेंडा हवा. बाकीचं तू तुझ्या मर्जीनं दाखव."

"गेंडा माझ्या हातात नाही हो मावशी," यासिंटा म्हणाली. "थोडेच आहेत, आणि त्यांना माणसांचा कंटाळा येतो."

"हिला बघून येणारच," नामसिफू मागून म्हणाली. "दोघांची कातडी एकच."

मन्कानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. डोक्याला तिनं कोरा करकरीत पिवळाधमक कांगा, इथल्या बायकांचं छापील सुती वस्त्र, बांधला होता. कांग्याच्या काठावर नेहमीसारखं एक वचन छापलेलं होतं : शेजारणीचे डोळे दुखोत, माझं घर हसतंय. हा कांगा मुद्दाम आजच्यासाठी घेतलाय आणि वचन कुणासाठी आहे ते सांगायची गरज नाही, असं तिनं गॉडलिसनला सर्वांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात सांगितलं.

२

विवराच्या कडेवर दाट धुकं होतं. रस्ता दोन हातांपलीकडे दिसत नव्हता. उतार लागला तशा दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे हात घट्ट धरून बसल्या. आणि मग नेहमी होतं तसंच झालं. एका वळणावर धुकं एकदम वर राहिलं, आणि खाली तो सगळा तळ उघडा पडला. पिवळं गवत, मधोमध पांढरं चकाकणारं खारं तळं, त्यावर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ, आणि चहूकडून उभी भिंत.

"देवानं हंडा विसळून उपडा घालायचा सोडून तसाच ठेवलाय," नामसिफू म्हणाली.

"आणि आत अजून काय काय चिकटलेलं आहे बघ," मन्का म्हणाली.

यासिंटानं छत वर उचललं. दोघी सीटवर उभ्या राहून बाहेर डोकावू लागल्या. तेवढ्यात रेडिओ बोलला.

"मिशीवाले. उताराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या दुसऱ्या वळणावर. पोटं भरलेली आहेत. सावकाश या."

रेडिओवर जनावरांची नावं घ्यायची नाहीत असा ड्रायव्हरांचा संकेत होता. सिंह म्हणजे मिशीवाले, हत्ती म्हणजे कानवाले, गेंडा म्हणजे शिंगवाला. नाहीतर पाहुणे आधीच नाचायला लागतात आणि जनावर निघून गेलं की तोंडं पाडतात. पण मोशीच्या म्हाताऱ्यांना असं फसवणं सोपं नव्हतं.

"मिशीवाले म्हणजे सिंह का गं?" नामसिफूनं लगेच विचारलं. "का तुमचे साहेब?"

यासिंटा हसली, पण तिचं लक्ष आवाजाकडे होतं. वयस्क पुरुषाचा गळा, घाई नाही, बोलताना ओठांवर हसू असावं असा. तिच्या ओळखीचा नव्हता. कुठल्या तरी कंपनीनं नवा माणूस आणला असेल, तिनं मनाशी म्हटलं. बटण दाबून ती म्हणाली, "आभारी आहे, दादा. निघाले."

ओढ्याच्या दुसऱ्या वळणावर सिंहिणी होत्या. पोटं टम्म, पाय वर करून लोळत होत्या. एक बछडा आईच्या शेपटीशी झोंबत होता. मन्का इतका वेळ श्वास रोखून बघत होती की गॉडलिसननं तिला शेवटी बोटानं टोचलं.

"गप रे," ती कुजबुजली. "बाजार उठल्यावर आम्ही दोघी अशाच पडतो."

पंधरा-वीस मिनिटं ती सगळी तिथे होती, आणि तेवढ्या वेळात दुसरी एकही गाडी आली नाही. निघताना यासिंटाच्या हे लक्षात आलं. सिंह दिसल्याचं रेडिओवर सांगितलं की एरवी गूळ सांडल्यावर मुंग्या याव्यात तशा गाड्या येतात. आज त्यांची एकटीच गाडी होती. आणि सांगणाऱ्याची गाडी तरी कुठे होती?

मागून दोघींचा हशा आला आणि तो विचार तिथेच राहिला.

३

तशी सकाळ यासिंटानं कधी बघितली नव्हती. तो आवाज थोड्या थोड्या वेळानं येई, आणि सांगेल तिथे सांगेल ते असे. तळ्याच्या काठी चित्त्याची मादी, तिची पिल्लं मातीच्या ढिगावर चढउतार करत होती. पुढे हत्ती, सुळे जमिनीला टेकतील एवढा म्हातारा, डोळे मिटून उभा. नामसिफूनं त्याला हात जोडले आणि म्हणाली की आमच्या बिशपसाहेबांचा चेहरा अगदी असाच आहे. गॉडलिसन एरवी तोंडातून अक्षर न काढणारा, पण चित्त्याची पिल्लं बघून तोही बारक्या पोरासारखा सीटवर गुडघे टेकून बसला. मन्कानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता लग्न कर म्हणजे असली दोन-तीन मला घरीच बघायला मिळतील."

"आई, इथे तरी नको."

"इथे नाही तर कुठे? इथे तू पळून कुठे जाणार? खाली उतरलास तर मिशीवाले आहेत."

यासिंटा हसता हसता गाडी चालवत होती. तरी एक गोष्ट तिला कुसळासारखी टोचत राहिली. चित्त्याची मादी आडवी पडलेली असताना रेडिओवरचा आवाज म्हणाला होता, "आता उठेल." आणि ती उठली होती. मग म्हणाला, "डावीकडे बघेल." मादीनं डावीकडे बघितलं होतं.

जनावरांत जन्म घालवलेल्या माणसाला कळतात अशा गोष्टी, तिनं स्वतःला समजावलं. तिला स्वतःलाही कधीमधी कळत. पण असं बोलायला जनावर डोळ्यांसमोर हवं. तिनं दुर्बीण लावून सगळा सपाट तळ न्याहाळला होता. गवत गुडघ्याएवढंसुद्धा नव्हतं. ससा लपला असता तर दिसला असता, गाडीची काय कथा.

४

जेवायला सगळ्या गाड्या पाणघोड्यांच्या तळ्याशी थांबतात. तिथेच तेवढं खाली उतरायची परवानगी. पाणघोडे पाण्यात नाकपुड्या काढून पडलेले, आणि वर घारी घिरट्या घालत असतात. यासिंटानं बजावून सांगितलं की गाडीत बसून खा. गॉडलिसन म्हणाला की घारीला काय घाबरायचं, आणि कोंबडीची तंगडी घेऊन बाहेर उभा राहिला. पुढचं कुणालाच नीट दिसलं नाही. पंखांचा एक फटका बसला आणि गॉडलिसन नुसती बोटं पुढे करून उभा होता. दोघी म्हाताऱ्या इतक्या हसल्या की मन्काला गाडीच्या दाराला धरून बसावं लागलं. डोळ्यांतून पाणी, छातीवर हात.

"पुरे गं," ती म्हणाली. "मारशील मला."

"मी कुठे, ती घार," नामसिफू म्हणाली, आणि दोघी पुन्हा सुरू झाल्या.

यासिंटा तोवर लाग्वेनच्या गाडीशी गेली होती. लाग्वेन तिच्याच गावचा, तिच्याच वयाचा, आणि रेडिओवर आरवणारा कोंबडा तोच. थट्टा करायची झाली तर त्याच्याशिवाय दुसरं कुणी करणार नाही.

"काय रे, म्हाताऱ्याचा आवाज छान काढतोस," ती म्हणाली.

"कुठला म्हातारा?"

"सकाळपासून मला एकेक जागा सांगतोय तो. मिशीवाले, चित्ता. नवीन आहे का कुणी?"

लाग्वेननं खाणं थांबवलं. तिच्याकडे जरा निरखून बघितलं, आणि मग हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

"यासिंटा, आज रेडिओवर जनावराचं कुणीच काही बोललेलं नाही. आम्ही सगळे उपाशी हिंडतोय. सकाळपासून फक्त तुझा आवाज येतोय."

"माझा?"

"आभारी आहे दादा, निघाले दादा. मध्ये गप्प बसतेस, मग पुन्हा आभारी आहे. आम्हाला वाटलं पाहुण्यांना हसवायला करतेस."

घार पुन्हा खाली झेपावली, कुणाची तरी पोळी गेली, सगळीकडून हशा उठला. यासिंटाही हसली. आपण हसतो आहोत याचं तिला नवल वाटलं. तुझा रेडिओ खराब झाला असेल असं ती लाग्वेनला म्हणाली. तो म्हणाला, असेल. दोघांनाही ते बरं वाटलं.

गाडीकडे परतताना तिनं ठरवून टाकलं. विवराच्या भिंती उंच आहेत, लहरी आपटून कुठल्या कुठे जातात. सेरेंगेटीकडचा कुणी बोलत असेल आणि ते फक्त तिच्या रेडिओला पकडता येत असेल. सेरेंगेटीतही ओढे असतात, सिंह असतात. जागा जुळल्या हा योगायोग.

योगायोगानं एखादी जागा जुळते, एवढं तिला कळत होतं. पण पाहुणे वाट बघत होते.

५

जेवण झाल्यावर रेडिओ बराच वेळ गप्प होता. मग तो बोलला.

"शिंगवाला. लेराईच्या झाडीच्या अलीकडे, उघड्यावर. वाऱ्याकडे पाठ."

नामसिफूनं यासिंटाच्या खांद्यावर थाप मारली. "शिंगवाला म्हणजे तोच ना? मन्काचा भाऊ?"

यासिंटाच्या मनात आलं की सांगावं, नाही, दुसरंच काहीतरी. पण मन्का छतातून खाली वाकून तिच्याकडे बघत होती. सत्तरीची बाई, आणि डोळे जत्रेत आलेल्या पोरीसारखे. यासिंटानं गाडी वळवली. या वेळी तिनं आभार मानले नाहीत.

गेंडा होता, आणि तोही जवळ. एवढ्या जवळ यासिंटानं पाच-सहा वेळाच बघितला असेल. चिखल वाळून अंगावर भेगा पडलेल्या, पाठीवर पाखरं, आणि तोंडात गवताची काडी. तो वळला आणि त्यानं आपली दोन्ही शिंगं त्यांना नीट दाखवली, जणू फोटो काढायला बसलाय.

 मन्कानं नामसिफूचा हात पकडला. नामसिफूनं तो दाबला, आणि यासिंटाला वाटलं, हेच त्या दोघींचं बोलणं असणार. मग मन्का हळूच गायला लागली. देवळातलं, लहानपणीचं, आभार मानायचं गाणं. नामसिफूनं खालचा सूर धरला. गेंड्याचे कान त्यांच्याकडे वळले. गॉडलिसन डोळे पुसत होता आणि धूळ गेली असं म्हणत होता.

"आल्या," रेडिओ म्हणाला. "म्हटलं नव्हतं मी? शिंगवाल्यापाशी नेहमी थांबतात. तो त्यांना फार आवडतो."

मागे गाणं चालू होतं, ते बोलणं फक्त यासिंटाला ऐकू गेलं.

"इंजिन बंद करा. पुढची एक सावध आहे, ती सारखी मान वळवते. बाकीच्यांना काही पत्ता नाही."

मग दुसरा आवाज आला. कुजबुजता, अधिरा. असा आवाज यासिंटा रोज ऐकायची, मागच्या सीटवरून. "आपण जिच्यासाठी आलोय ती कोणती?"

"पिवळ्या डोक्याची," म्हातारा आवाज मायेनं म्हणाला. "सुंदर आहे ना? बघून घ्या."

६

तिनं मान वळवली. आपण वळवतो असं त्यानं सांगितलंय, हे लक्षात असूनही वळवली.

मागे आणि दोन्ही बाजूंना झेब्र्यांचा मोठा कळप चरत होता. नेहमीचा कळप, नेहमीची संध्याकाळ व्हायच्या आधीची पिवळी उन्हं. झेब्रे गाड्यांना घाबरत नाहीत. गाडी आली की चरता चरताच बाजूला सरतात, गाडीभोवती चार हात जागा मोकळी ठेवतात आणि पुन्हा माना खाली घालतात. कळपात गाडी कुठे उभी आहे ते लांबूनही त्या मोकळ्या जागेवरून कळतं.

त्या कळपात मोकळ्या जागा होत्या. एक रस्त्यावर, त्यांच्या मागेच. एक उजवीकडे, आणि त्यापलीकडे आणखी. गाडीपेक्षा मोठ्या, पण तशाच लांबट. आणि त्यात काहीच नव्हतं. नुसतं गवत होतं, आणि ते दाबल्यासारखं खाली झोपलेलं. ती बघत असताना कळपाच्या पलीकडच्या कडेला आणखी एक जागा उघडली. झेब्रे शांतपणे बाजूला झाले, ती जागा कळपातून हळूहळू जवळ आली, आणि चांगली दिसेल अशा अंतरावर येऊन थांबली.

तिला किंचाळावंसं वाटलं नाही. तिच्या डोक्यात एक फार साधा विचार आला, धंद्यातला. गाड्या उगाच गोळा होत नाहीत. विवरात एवढी गर्दी जमते ती काहीतरी घडणार असलं म्हणजेच. तिनं स्वतः किती वेळा पाहुण्यांना असं थांबवलं होतं. तो म्हातारा रानरेडा बघा, कळपामागे राहिलाय. आता फार वेळ नाही. आवाज करू नका.

"आता फार वेळ नाही," रेडिओ म्हणाला. "आवाज करू नका. तिच्या डाव्या हाताकडे लक्ष ठेवा."

यासिंटानं डाव्या हाताकडे बघितलं. मन्का गात होती, हसत होती, आणि उजव्या हातानं डावा दंड चेपत होती. वारा गार होता, तरी कांग्याच्या काठाखाली कपाळावर घामाचे थेंब होते. ओठांचा रंग गेला होता.

"मावशी, हाताला काय झालं?"

"काही नाही गं. भरून आलाय. सकाळपासून धरून उभी आहे ना."

"खाली बसा."

"अजून तो गेला कुठे—"

"मन्का मावशी, खाली बसा. नामसिफू मावशी, बसवा तिला. गॉडलिसन, माझ्या सीटखालचा औषधांचा डबा काढा. ॲस्पिरिन चावायला द्या. गिळायला नाही, चावायला."

तिच्या आवाजात असं काही होतं की कुणी काही विचारलं नाही.

७

वर चढायचा रस्ता मागच्या बाजूला होता. गाडी वळवून त्या रस्त्यावरच्या मोकळ्या जागेतूनच जावं लागणार होतं. डावीउजवीकडे झेब्रे, ते चिरडून जाता आलं नसतं. यासिंटानं गिअर टाकला.

तेवढ्यात तळ्याकडून एक वावटळ आली. अशा वावटळी दुपारभर हिंडत असतात, पांढऱ्या धुळीचे खांब. ती त्या मोकळ्या जागेवरून गेली, आणि धूळ पलीकडे न जाता क्षणभर तिथेच थांबली. काचेवर बसावी तशी, हवेत, उंच. तिचा एक काठ सरळ होता. आणि त्या काठावरून पुढे झुकलेलं काहीतरी, एक नव्हे, बरीच. वरचं छत उघडून माणसं झुकतात तशी. मग धूळ गळून पडली.

तिनं डोळे मिटले नाहीत. ती त्यातून गेली. कशाला धडकल्यासारखं झालं नाही. फक्त पुलाखालून जाताना बदलतो तसा इंजिनाचा आवाज बदलला, आणि पुन्हा नेहमीसारखा झाला. मागच्या आरशात तिला मन्काचा उजवा हात वर उचललेला दिसला, आणि ती घाबरली, की झटका आला.

रेडिओवर एक आवाज झाला. शब्द नव्हते. तो सुस्कारा होता, पुष्कळ जणांचा मिळून. तो तिच्या चांगल्या ओळखीचा होता. सिंहिणीच्या तावडीतून पाडस निसटलं की मागच्या सीटवर असाच सुस्कारा निघतो. थोडा निराशेचा, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदाचाही.

तिनं रेडिओ बंद केला.

घाट कसा चढली ते तिला नंतर आठवेना. आठवत होती ती नामसिफू. ती सगळा रस्ताभर मन्काला मांडीवर घेऊन बोलत होती.

"डोळे उघड. माझं मोठं पातेलं तुझ्याकडे आहे. ते परत केल्याशिवाय कुठे जातेस? आणि हा कांगा मला घालायचाय तुझ्या देखत, सगळ्या बाजारात. डोळे दुखायला तू नकोस का?"

"पातेलं भोक पडलेलं होतं," मन्का अगदी बारीक आवाजात म्हणाली.

"बोलली," गॉडलिसन म्हणाला आणि रडायला लागला.

कडेवरच्या दवाखान्यात त्यांनी ऑक्सिजन लावला आणि पुढे करातूच्या इस्पितळात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी तपासून, सुया टोचून, बऱ्याच वेळानं बाहेर येऊन सांगितलं की धोका टळला. हृदयाचा झटका होता, पण वेळेत आणलंत. त्यांनी यासिंटाला विचारलं की तुम्हाला इतक्या लवकर कसं कळलं. यासिंटा म्हणाली, हात चेपत होत्या, घाम होता. ते खोटं नव्हतं.

८

चौथ्या दिवशी ती मटणाचं सूप घेऊन इस्पितळात गेली. मधले दिवस तिनं सुटी टाकली होती. रेडिओ दुरुस्तीला देऊन झाला होता, आणि दुरुस्तीवाला म्हणाला होता की यात काही बिघाड नाही.

मन्का उशीला टेकून राणीसारखी बसली होती. डोक्याला तोच कांगा. वॉर्डातल्या सगळ्या बायका खाटेभोवती जमल्या होत्या आणि नामसिफू त्यांना गेंडा करून दाखवत होती. दोन बोटं नाकावर धरून ती फुसफुसली तेव्हा नर्ससुद्धा हसत भिंतीला टेकली. गॉडलिसन कोपऱ्यात केळ सोलत होता, आणि एका तरुण नर्सकडे चोरून बघत होता. मन्काचं तिकडे पूर्ण लक्ष होतं, हे यासिंटाला दिसलं.

बायका पांगल्यावर मन्कानं तिला जवळ बोलावलं, तिचे दोन्ही हात हातांत घेतले.

"पोरी, तुझं कसं फेडू?"

"बऱ्या व्हा. पुन्हा येऊ आपण." बोलून गेल्यावर यासिंटाला कळलं की आपण काय बोललो.

"येणार तर. त्या लोकांनाही भेटायचंय."

"कुठल्या लोकांना?"

"अगं, आपण निघालो तेव्हा रस्त्यात उभे होते ते. तू त्यांच्या मधूनच नाही का गेलीस? केवढी गर्दी होती. सगळे वाकून वाकून बघत होते. एकानं तर आपलं लहानगं वर उचलून धरलं होतं, मी दिसावी म्हणून. बोट करून दाखवत होता." ती सांगता सांगता हसली. "मी हात हलवला त्याला."

नामसिफू खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिचं हसू हळूहळू मावळलं. तिथे तर कुणीच नव्हतं, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि यासिंटाचा चेहरा बघून मिटलं.

ते कसे दिसत होते, हे विचारायचं यासिंटाच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते विचारलं नाही. तिनं सूप वाटीत ओतलं, फुंकर घालून निववलं आणि चमचा मन्काच्या हातात दिला.

"हात कशाला हलवलात, मावशी?" ती एवढंच म्हणाली.

मन्कानं एक घोट घेतला. मीठ बरोबर आहे अशी मान हलवली.

"बाजारात बसणारी बाई मी. कोण कुठून, किती लांबून मला बघायला आले होते ते. हात नको का हलवायला?"